सात पॉइंट दोन

ओल्या पोत्याचा फटका कानशिलावर बसला तेव्हा मी त्रेसष्टला चारने गुणत होते.

"बोल!" हबीब सर ओरडले. "त्रेसष्ट किलोचा माणूस. किलोला चार मिलिग्रॅम. बाटलीत मिलिलिटरला पन्नास. सिरिंजमध्ये किती भरशील?"

दुसरा फटका पाठीत बसला. कुणीतरी कानाशी परात बडवत होतं, कुणीतरी माझ्या आईचा उद्धार करत होतं. "दोनशे बावन्न... भागिले पन्नास... पाच पॉइंट शून्य चार!" असं म्हणेपर्यंत मी चिखलात आडवी झाले होते.

"पडायच्या आत सांगायचं असतं, कांचन," सर म्हणाले. "चल, पुढचा कोण?"

याला आम्ही गोंधळाचा तास म्हणायचो. दर गुरुवारी सकाळी, प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या अंगणात. आम्ही रुग्णवाहिकेवरचे दहा प्रशिक्षणार्थी. एकाने तोंडी हिशेब करायचा आणि उरलेल्या नऊजणांनी त्याला झोडपायचं. डोळे सोडून कुठेही मारायची मुभा होती. माझा एक दात याच तासात गेला. तो ज्याच्या ढोपराने गेला त्याने दुसऱ्या दिवशी मला पेढे आणून दिले, आणि ते मला चावता येईनात.

बाहेरचे लोक हसायचे. हसणारच. औषधाची मात्रा काढायला आता माणूस लागतच नव्हता. प्रत्येक रुग्णवाहिकेत मात्रिका होती. स्ट्रेचरच्या उशाशी बसवलेली, शिलाई मशीनएवढी पेटी. रुग्ण आडवा झाला की स्ट्रेचरखालचे काटे त्याचं वजन घेतात. बोटातून रक्ताचा एक थेंब ओढला की अकरा सेकंदांत मात्रिकेला कळतं, या माणसाचं यकृत औषध किती वेगाने जाळतं, मूत्रपिंडं ते किती वेगाने बाहेर टाकतात, रक्तात दारू आहे का, आधीचं कुठलं औषध फिरतंय का. मग ती स्वतःच औषध भरते आणि सुई पुढे करते. आपण फक्त टोचायचं.

खरं सांगायचं तर वजनावरून मात्रा काढणं हा अंदाजच असतो. सारख्या वजनाच्या दोन माणसांना सारखंच औषध दिलं, तर एक शांत झोपतो आणि दुसऱ्याचा श्वास बंद पडतो. मात्रिका अंदाज करत नाही. ती आल्यापासून आमच्या जिल्ह्यात मात्रा चुकून कुणी मेलं नव्हतं. हे सर स्वतःच सांगायचे.

"यंत्र माझ्यापेक्षा हुशार आहे, बेटा," ते म्हणायचे. "पण त्याला अजून कुणी पोत्याने मारलेलं नाही."

एकच मेख होती. मात्रिकेने काढलेल्या प्रत्येक मात्रेला शहरात बसलेल्या डॉक्टरची मंजुरी लागायची, आणि ती लहरींवरून यायची. लहर नसेल तर औषधाचा खण उघडायचा नाही. तेवढ्यासाठी प्रत्येक गाडीत काचेआड एक निकड पेटी असायची. तिच्यात जुन्या पद्धतीच्या बाटल्या आणि सिरिंजा. आमच्या गाडीतली पेटी तीन वर्षांत कुणी उघडली नव्हती. त्याबद्दल नियमांत एक कलम होतं. मात्रिका बंद असताना हाताने दिलेली मात्रा चुकली तर ती चूक क्षम्य समजावी, कारण आजच्या कर्मचाऱ्याकडून असल्या हिशेबाची अपेक्षा ठेवता येत नाही.

हे कलम वाचून सर जाम भडकायचे. "अपेक्षा ठेवता येत नाही म्हणे! म्हणजे आपण गाढव आहोत, हे सरकारने लिहून दिलंय."

* * *

मार्च महिना, भर दुपार. करंजवाडीच्या घाटावर हाणामारी झाल्याचा फोन आला. गाडीत आम्ही तिघं होतो. चालक केरबामामा, हबीब सर आणि मी.

करंजवाडीला गोदावरीच्या पात्रातून वाळू उपसायचा सोपानभाऊ. महसूल खात्याची ड्रोनं येऊ नयेत म्हणून त्याने ट्रॅक्टरवर जॅमर बसवला होता. पाच किलोमीटरच्या टापूत एक लहर म्हणून पोचायची नाही. ड्रोनं कावळ्यांसारखी पडायची आणि पोरं त्यांचे पंखे काढून विकायची. करंजवाडीची वेस दिसायच्या आधीच मात्रिकेच्या पडद्यावर पिवळी रेघ आली आणि खणाचं कुलूप खटकन बसलं.

पात्रात वीसेक माणसं एकमेकांना मारत होती. गावातले लोक कुऱ्हाडी, विळे घेऊन आले होते. सोपानभाऊची माणसं फावडी आणि सळया घेऊन. एकजण पोट धरून वाळूत गोल गोल फिरत होता. एकाचा कान लोंबत होता आणि तो तसाच दुसऱ्याला दगडाने ठेचत होता. जेसीबीच्या पुढ्यात गावातल्या यमुनाबाई पडल्या होत्या. उपसा थांबवायला त्या यंत्रासमोर आडव्या झाल्या होत्या, पन्नाशीच्या बाई, आणि जेसीबीवाल्याने यंत्र थांबवलं नव्हतं. उजवी मांडी चेंदली होती. रक्त वाळूत मुरत होतं, म्हणून दिसायला कमी दिसत होतं.

सर सरळ त्यांच्याकडे गेले. मांडीला वर पट्टा आवळला, गुडघा टेकून वजन टाकलं. "कांचन, सलाइन!"

तेवढ्यात सोपानभाऊ आला. दांडगा माणूस, पांढरा शर्ट, डाव्या हातावर कुऱ्हाडीचा घाव. हाड दिसत होतं. तोंडाला दारूचा भपकारा.

"ए म्हाताऱ्या, ती मरायलीय तर मरू दे. माझा हात बघ."

सरांनी मान वर केली नाही. "भाऊ, तुमचा हात तासभर थांबेल. बाईंचा पाय थांबणार नाही."

सोपानभाऊने शेजारच्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि एका हाताने, धारेकडून, सरांच्या डाव्या कानाच्या वर मारलं. तो आवाज कसा होता ते मला लिहायचं नाही. सर यमुनाबाईंच्या अंगावर कोसळले. तशातही त्यांचा हात पट्ट्यावरून सुटला नव्हता. तो मी सोडवला आणि पट्ट्याला गाठ मारली. सरांचं डोकं मांडीवर घेतलं तर माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले.

"आता तू," सोपानभाऊ मला म्हणाला. फावडं टाकून त्याने कमरेचा कोयता काढला होता आणि केरबामामांना खांद्याने गाडीला रेटून तो त्यांच्या गळ्याला लावला होता. मामा थरथरत होते आणि पात्याने त्यांचं गळ्याचं कातडं थोडं थोडं सोललं जात होतं. "सुई दे. हात लई ठणकायलाय."

"मशीन बंद आहे. तुमच्या जॅमरमुळे."

"मंग तुझ्या हातानं दे. आन ऐक. ही बाई हितून हलणार न्हाई. दवाखान्यात गेली की जबानी दील. तुमची गाडी पेटवून देतो, मंग बघू."

मला कळून चुकलं, की हा माणूस उभा आहे तोवर इथून कुणी जिवंत जात नाही. यमुनाबाई नाहीत, सर नाहीत, बहुतेक मामाही नाहीत.

मी गाडीत चढले आणि निकड पेटीची काच टाचेने फोडली. आत वेदनेवरचं औषध होतं आणि त्याच्या शेजारी भुलीचं. मी भुलीचं उचललं. मिलिलिटरला पन्नास.

गाडीच्या दारातून मी त्याच्याकडे पाहिलं. मान, खांदे, पोट. नव्वद किलो. नव्वद चोक तीनशे साठ, भागिले पन्नास. सात पॉइंट दोन. त्यात तो प्यायलेला होता. प्यायलेल्या माणसाला अर्धं, हा सरांचा नियम, कारण झोपवायचं अर्धं काम दारूनेच करून ठेवलेलं असतं आणि दोन्ही मिळून जास्त झालं की श्वासच थांबतो. सातच्या अर्ध्यावर दोन दशांशाचं अर्धं. तीन पॉइंट सहा.

हे सगळं मला दोन श्वासांत सुचलं. बाहेर किंचाळ्या चालू होत्या, माझे हात लाल होते, आणि उत्तर लख्ख समोर होतं. मी भरायला लागले. दोन, तीन, साडेतीन. तीन पॉइंट सहावर अंगठा थांबला.

खाली सर वाळूत पडले होते. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणतायत म्हणून मी कान दिला, तर ते आकडे म्हणत होते. "चार... नऊ... एकवीस... चार..." कशाचा कशाला मेळ नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर झोपेतसुद्धा चुकीचा गुणाकार केला नाही, तो पाढा विसरलेल्या पोरासारखा आकडे चाचपडत होता.

राग म्हणतात तो हाच असेल तर तोपर्यंत मला राग आलाच नव्हता. मी अंगठा मागे ओढला. पाच. सहा. सात पॉइंट दोन.

"येवढं?" सोपानभाऊ सिरिंज बघून म्हणाला.

"ठणका मोठा आहे," मी म्हणाले.

दोन्ही मांड्यांत अर्धं अर्धं टोचलं. मग त्याच्या हाताला पट्टी गुंडाळत बसले. सावकाश, नीट, जशी कुणाच्या लग्नातली पगडी बांधतेय. कोयता मामांच्या गळ्यावरच होता. मी मनात सेकंद मोजत होते. नव्वदपर्यंत तो शिव्या देत होता. एकशेदहाला शिवी अर्धवट राहिली. एकशेतीसला त्याचे डोळे उघडेच होते, पण त्यांतून बघणारं कुणी उरलं नव्हतं. कोयता पडला, मग तो पडला. जाताजाता पात्याने मामांची हनुवटी फाडली.

"काय दिलंस गं?" एकाने मला सळई मारली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ते मोडल्याचं मला ऐकू आलं.

"रक्त गेलंय त्याचं!" मी ओरडले. "मरेल तो! तुमच्या जीपमध्ये घाला आणि माझ्या मागं या!"

भ्यालेली माणसं सांगितलेलं ऐकतात. चौघांनी त्याला उचललं आणि जीपमध्ये उताणा टाकला. बेशुद्ध माणसाला कुशीवर ठेवतात हे त्यांना सांगायचं मी विसरले. ते मात्र मी खरंच विसरले.

मामांनी आणि मी, तीन हातांनी, यमुनाबाईंना आणि सरांना गाडीत घातलं. मामांची छाती त्यांच्याच रक्ताने भिजली होती, तरी स्टेअरिंगला बसले. वर चढताना गाववाले की वाळूवाले कोण जाणे, पण कुणीतरी दगड मारत होतं. समोरची काच पूर्ण आत आली. पाच किलोमीटर गेल्यावर मात्रिका जागी झाली आणि गोड आवाजात म्हणाली, "रुग्णाचे वजन घेत आहे." तिला लाथ घालावीशी वाटली. पण तिने यमुनाबाईंना नेमकं हवं ते, नेमकं हवं तेवढं दिलं. त्यांचा पाय गेला. त्या वाचल्या.

जीप आमच्यामागून वीस मिनिटांनी दवाखान्यात पोचली. सोपानभाऊ काळानिळा पडला होता.

* * *

तीन महिन्यांनी चौकशी लागली. आदल्या दिवशी आमच्या सेवेचे अधिकारी देसले साहेब मला घरी भेटायला आले. भला माणूस. चहा घेतला, माझ्या खांद्याची विचारपूस केली, मग मुद्द्यावर आले.

"मात्रिकेने त्याच्या रक्तावरून मागाहून हिशेब काढला. तीन पॉइंट सहा पुरलं असतं म्हणते. तुम्ही सात पॉइंट दोन दिलं."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सरांचा नियम आणि यंत्राचं उत्तर, दशांशापर्यंत एक. आणि तेवढ्यावरच तो पडला असता. तो मेलाच पाहिजे असं काही नव्हतं.

"तर अगदी सोपं आहे," देसले म्हणाले. "तुम्ही सांगायचं, हिशेब चुकला. अर्धं करायचं सुचलं नाही. क्षम्य चूक. सोमवारी कामावर या."

"आणि गोंधळाचा तास?"

ते जरा चाचरले. "तो बंद होईल. निकड पेट्याही निघतील. कंपनी जॅमरला दाद न देणारी मात्रिका आणतेय. माणसाच्या हातात सिरिंज दिली की काय होतं ते या प्रकरणात दिसलंच, असा अहवाल जाईल. पण तुम्हाला सात वर्षं तुरुंगात जायचंय का?"

संध्याकाळी मी सरांकडे गेले. सर ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. चालणं-बोलणं ठीक होतं. फक्त डोक्यातला आकड्यांचा भाग त्या फावड्याने नेला होता. घड्याळ कळत नव्हतं. पाच बोटं दाखवली तर किती ते सांगता येत नव्हतं.

सरांच्या बायकोने, नसीमचाचींनी, मला आत ओढलं. "बेटा, चूक झाली म्हण. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"चाची, मग सरांच्या शिकवण्याला बट्टा लागेल. लोक म्हणतील, यांच्या पोरांना अर्धंसुद्धा करता येत नाही."

"लागू दे!" चाचींचा आवाज फाटला. "ते आता तीनदा जेवतात आणि भूक लागली म्हणतात. त्यांना कसला बट्टा? उद्या त्यांना पण बोलावलंय तिथं. त्यांच्यासमोर तुला बेड्या घातलेल्या मी बघायच्या?"

रात्रभर ठरवत होते, की चाचींचं ऐकायचं. मला तुरुंगाची भीती वाटत होती. मी बावीस वर्षांची होते आणि एका खुनशी माणसाचा जीव घेतला होता. त्याच्यासाठी सात वर्षं घालवायची मला अजिबात हौस नव्हती.

* * *

चौकशीच्या खोलीत एक मॅडम, एक टंकलेखक, देसले साहेब आणि मात्रिकेच्या कंपनीचा एक तरुण होता. भिंतीजवळ चाची, त्यांच्या शेजारी सर. इस्त्रीचा गणवेश घालून आले होते. आधी त्यांची साक्ष झाली. मॅडमनी विचारलं, किती वर्षं नोकरी झाली? सरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "खूप."

कंपनीचा तरुण हसला. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. तो हसला नसता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

मॅडमनी माझ्यापुढे कागद सरकवला. "एक हिशेब करा बघू. सत्तावन्न किलो, किलोला चार, मिलिलिटरला पन्नास."

देसले माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. कागदावर काहीही खरडलं असतं तरी मी सुटले असते.

"चार पॉइंट छप्पन," मी कागदाला हात न लावता म्हणाले. "प्यायलेला असेल तर दोन पॉइंट अठ्ठावीस."

कंपनीच्या तरुणाने फोनवर आकडे मारले आणि मान खाली घातली.

"म्हणजे तुम्हाला येतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "मग त्या दिवशी चूक कुठे झाली?"

"चूक झाली नाही. तीन पॉइंट सहा मला माहीत होतं. मी तिथे थांबलेही होते. मग मी सरांकडे बघितलं आणि उरलेलं भरलं. तो परत उठू नये असं मला वाटत होतं."

चाचींनी पदर तोंडात कोंबला. देसले साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. टंकलेखकाची बोटं हवेतच राहिली.

सर उठून उभे राहिले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, सांगता येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, जणू मी अजून उत्तर दिलेलं नाही.

"तो दारू प्यायला होता का?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग अर्धं करायचं असतं, बेटा." त्यांनी बोटं उघडून बघितली. "किती होतं ते मला आता येत नाही. पण अर्धं करायचं असतं. माणूस कुणी का असेना."

तीन महिने मी एकदाही रडले नव्हते. तिथे रडले. रडता रडता म्हणाले, "हो सर. मला माहीत होतं, सर."

मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग त्या पुढे वाकल्या. "कांचन तौर, यातलं काय लिहून घेऊ? तुम्ही अजून विचार करू शकता."

"सगळं घ्या," मी म्हणाले. "आकड्यांसकट."